कारणाचा रकाना

तिसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कारण?" आणि चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना एकाएकी काही सुचेनाच. तसा प्रश्न साधा. दुनळी बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला, बंदुकीचा नंबर झाला, आणि अकराव्या रकान्यात छापलं होतं, 'शस्त्र बाळगण्याचे कारण'. याआधी दोन वेळा चष्मेवाल्यांनी त्या जागी 'पूर्वीप्रमाणे' असं लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा काम झालं होतं. त्यांनी तेच सांगितलं. "पूर्वीप्रमाणे आता चालत नाही, काका," कारकून म्हणाला. "फॉर्म नवा आलाय. पिकाचं रक्षण, नेमबाजी, स्वसंरक्षण, यातलं एखादं लिहा. स्वसंरक्षण लिहा ना, सगळे तेच लिहितात." चष्मेवाले म्हणाले, "मला कोणापासून धोका नाही." "नसेना का. हा रकाना कोणी वाचत नाही. हे बघा," आणि त्याने शेजारच्या गठ्ठ्यातला एक फॉर्म उचलून दाखवला. त्यावर निळा गोल शिक्का बरोबर अकराव्या रकान्यावरच बसला होता. खाली कोणी काय लिहिलंय ते देवालाच वाचता आलं असतं. "पण रिकामा ठेवलेला चालत नाही. नाहीतर विकून टाका. काय ते शुक्रवारपर्यंत ठरवा." चष्मेवाल्यांनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. कारकुनाचा चष्मा डावीकडे उतरला होता, डाव्या काडीचा स्क्रू ढिला झालेला, हे त्यांनी रांगेत असतानाच पाहिलं होतं आणि खिशातला छोटा पेचकस बोटांनी चाचपलाही होता. पण आता ते तसेच मागे फिरले. पायऱ्या उतरताना त्यांना आपलंच हसू आलं. कोणी न वाचणाऱ्या रकान्यात काय लिहावं म्हणून सहासष्ट वर्षांचा माणूस अडून बसला होता, आणि तरी अडला होता हे खरं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या लेखी या बंदुकीचं नाव पाहुणीबाई. दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि बारा वर्षं कपाट अडवून बसली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोखंडी कपाटाचा खालचा कुलपाचा कप्पा पाहुणीबाईंचा होता आणि तिथे राहायला हव्या होत्या त्या रजया पलंगाखाली धूळ खात होत्या. "लिहून टाका काहीतरी," बायको म्हणाली. "खोटं लिहू?" "चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला ही फ्रेम तुम्हाला शोभते म्हणत आलात, तेव्हा काय खरं बोलत होता?" "ते वेगळं." "ते कसं वेगळं?" चष्मेवाल्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ते तोंडी होतं." बायको हसली. मग हातातली घडी मांडीवर ठेवून म्हणाली, "अहो, मग विका ना. नाहीतरी तुम्हाला ती नकोशीच झालीय. आधी बंदुकीची गोष्ट सांगून सांगून लोकांचे कान किटवलेत, आणि आता कोणी विषय काढला की उठून पाणी प्यायला जाता. मला काय दिसत नाही?" चष्मेवाले उठले. मग पाणी प्यायला जायचं नाही हे लक्षात येऊन पुन्हा बसले.

गोष्ट अशी होती, आणि ती त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की तिला पुढे पुढे चाल लागल्यासारखी झाली होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे सगळं ठरून गेलेलं. जमिनीची मोजणी करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. आयुष्य मोजणीच्या दुर्बिणीला एक डोळा लावण्यात गेलं आणि सुट्टीचे दिवस बंदुकीच्या नळीवरून बघण्यात. पाच मित्रांचा कंपू, दर रविवारी रानात. साठीला आल्यावर मोजणीदार दुकानात आले, नवा चष्मा करून घेतला, काळी जाड फ्रेम, आणि दहा महिन्यांनी एका सकाळी कापडात गुंडाळलेली दुनळी आणि सगळे कागद घेऊन पुन्हा दुकानात हजर. गल्ल्यापाशी चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मोजणीदार म्हणाले, "तुमच्या चष्म्याने माझी शिकार सुटली. आता ही तुमच्याकडे असू द्या." एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही. उरलेली गोष्ट चष्मेवाल्यांनी घातली. ती कशी घातली तेही त्यांना आठवत होतं. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले की चष्मा इतका स्वच्छ लागला की मोजणीदारांना जनावर पूर्वीपेक्षा जवळ दिसलं. पुढच्या महिन्यात म्हणाले की जनावराचा डोळा दिसला. वर्षाच्या आत त्या डोळ्यात पाणी आलं. ऐकणारे गप्प व्हायचे, एखादी बाई पदर डोळ्याला लावायची, आणि चष्मेवाल्यांना मनापासून वाटायचं की देवाने आपल्या हातून एक चांगलं काम करून घेतलं. आपण फक्त काच बसवली, दया त्याची, असंही ते शेवटी म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा भरून यायचा. ते नाटक नव्हतं. हीच तर अडचण होती, की त्यात काही नाटक नव्हतं.

मग चार वर्षांनी दुकानात संगणक आला. जुनी कार्डं एकेक करून त्यात घालायची होती, आणि एका दुपारी मोजणीदारांचं कार्ड हातात आलं. मागे टाचणीने डॉक्टरांची चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवर उजव्या डोळ्याचा नंबर सव्वा, डाव्याचा पावणेतीन. कार्डावर, चष्मेवाल्यांच्या स्वतःच्या अक्षरात, उजवा पावणेतीन, डावा सव्वा. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, आणि चाळीस वर्षांत ही चूक आपल्या हातून एकदाही झाली नाही असं ते नव्या मुलांना छातीवर हात ठेवून सांगायचे. त्या दिवशी मोजणीदार समोर बसून दुर्बिणीच्या गोष्टी सांगत होते, गोष्टी फार रंगल्या होत्या, आणि चष्मेवाल्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बघत नंबर उतरवले होते, जसे दिसले तसे, आरशातल्यासारखे उलटे. कार्ड मागच्या खोलीत गेलं. तिथला कारागीर कार्डावर असेल तशी काच घासायचा. म्हणजे ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका उजव्या डोळ्यावर चाललं होतं, त्याच्या उजव्या डोळ्यापुढे डाव्याची काच. नेम लागेलच कसा? जनावर जवळ दिसलं नाही, डोळा दिसला नाही, पाणी तर नाहीच नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या चुकत गेल्या, तो समजला आपला काळ संपला, आणि भला माणूस असल्यामुळे जाताना आभार मानून गेला. चष्मेवाल्यांनी ते कार्ड संगणकात घातलंच नाही. खणात सगळ्यात खाली ठेवलं. त्या दिवसापासून गोष्ट सांगणं त्यांनी बंद केलं, पण गोष्ट काही बंद झाली नाही. बायको सांगायची, शेजारचा न्हावी सांगायचा, आणि न्हाव्याच्या सांगण्यात तर आता जनावराची दोन पिल्लंही आली होती.

सांगून टाकावं असं त्यांना वाटलं नव्हतं असं नाही. मोजणीदार तेव्हा हयात होते, महिन्यातून एकदा तरी गप्पा मारायला दुकानात यायचे, तोच काळा चष्मा घालून. दुकानाला एक पायरी आहे, वीतभर उंचीची. मोजणीदार दर वेळी त्या पायरीपाशी थबकायचे, पाऊल हवेत धरून जमीन चाचपायचे, मग आत यायचे. कार्ड सापडायच्या आधी चष्मेवाल्यांना त्यात वयच दिसायचं. नंतर त्या हवेतल्या पावलाकडे त्यांना बघवेना. मोजणीदार येताना दिसले की ते आपले खणात काहीतरी शोधू लागायचे. एकदा सगळा धीर गोळा करून म्हणाले, "एकदा नंबर तपासून घेऊ या का? वयाप्रमाणे बदलतो." मोजणीदार म्हणाले, "छे छे. असा चष्मा पुन्हा व्हायचा नाही." दुसऱ्यांदा म्हणाले, "द्या तरी, पुसून देतो." पुसायच्या निमित्ताने एकदा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला असता तर क्षणात कळलं असतं, कारागिराने कार्ड पाहिलं होतं की चिठ्ठी. मोजणीदारांनी दोन्ही हातांनी चष्मा कानावर दाबून धरला आणि हसून म्हणाले, "सकाळीच पुसलाय." त्यानंतर चष्मेवाल्यांनी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी मोजणीदार गेले. त्याच्याआधी कारागीरही गेला होता. जे विचारायचं ते ज्यांना विचारायचं त्यांच्याबरोबर संपलं असं चष्मेवाल्यांनी मनाशी धरलं होतं, आणि आता तिसऱ्या खिडकीतून तो मुलगा विचारत होता, कारण?

बुधवारी त्यांनी बंदूक कापडी खोळीत घातली, कागद घेतले, भाड्याची गाडी केली. मागच्या सीटवर ती त्यांच्या शेजारी आडवी पडून होती, आणि वळण आलं की ते नकळत तिच्यावर हात ठेवत होते, दवाखान्यात नेताना घरच्या माणसावर ठेवतात तसा. बंदूकवाल्याचं दुकान एका छत्र्यांच्या दुकानाशेजारी होतं. बंदूकवाला टकला, गोल, बोलघेवडा. काचेच्या कपाटात तीन बंदुका आणि बाकी सगळीकडे मासे धरायचे गळ. "बंदुकीवर आता पोट चालत नाही, साहेब," तो म्हणाला. "हल्ली लोक माशांवर राग काढतात." त्याने खोळ काढली, बंदूक मोडून नळ्या दिव्याकडे धरल्या, एक डोळा मिटून आत पाहिलं. चष्मेवाल्यांनी मान दुसरीकडे वळवली. "आरसा आहे आतून आरसा. कितीदा चालवली?" "एकदाही नाही." "बारा वर्षांत?" "मला ती कुठल्या बाजूने धरतात तेही नीट ठाऊक नाही." बंदूकवाला खूश झाला. अशी वस्तू मिळत नाही म्हणाला, आणि गिऱ्हाईकही तयार आहे म्हणाला. एक जमीनदार माणूस, दर रविवारी रानात जातो, जुन्या दुनळ्यांचा शौकीन. "परवाच येतोय. तुमच्या बंदुकीचे पांग फिटतील बघा. बसून बसून कंटाळली असेल, आता तिला काम मिळेल."

काम मिळेल. हा शब्द चष्मेवाल्यांच्या कानात खड्यासारखा अडकला. विकायला म्हणूनच आले होते ते. मघापर्यंत गाडीत बसल्या बसल्या त्यांना रजया कपाटात परत गेलेल्या दिसत होत्या, बायको कौतुकाने कप्पा पुसताना दिसत होती, अकरावा रकाना पुसून गेलेला दिसत होता. आणि आता रविवारची सकाळ दिसू लागली, कोणीतरी एक डोळा मिटलेला, डोळ्यापुढची काच अगदी बरोबर नंबराची. हे आपल्याला काय लागून गेलं? लोक बंदुका विकतात, लोक शिकार करतात, जगात एक बंदूक जास्त की कमी याने काय होतं. पण मग असंही वाटलं की चुकीने का होईना, बारा वर्षं त्या नळ्यांतून काही सुटलं नाही, आणि आता आपण ती चूक दुरुस्त करायला निघालो आहोत. दुरुस्त की दुप्पट? विक्रीचा कागद समोर आला. सही करायला त्यांनी पेन काढलं तेव्हा बंदूकवालाच म्हणाला, "एक करा साहेब, भेटीची वस्तू आहे ना? देणाऱ्याच्या घरच्यांना एकदा विचारून घ्या. मागाहून मुलं-बाळं येऊन भांडतात, मग मलाच ताप." चष्मेवाल्यांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं. या आठवड्यात हे दुसऱ्यांदा होत होतं.

मोजणीदारांची मुलगी कवळ्या बनवायची. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि ती घरीच, खिडकीपाशी मोठं टेबल टाकून, गुलाबी हिरड्यांत एकेक दात बसवायची. चष्मेवाले गुरुवारी दुपारी गेले तेव्हा टेबलावर चार कवळ्या तोंड उघडून वाळत पडल्या होत्या. "या काका," ती म्हणाली. "बसा. त्यांच्याकडे बघू नका, त्या सगळ्यांनाच हसतात." पन्नाशीला टेकलेली बाई, बोटांना पांढरी भुकटी, वडिलांसारखीच बोलताना एक भुवई वर जायची. चष्मेवाल्यांनी आधी बंदुकीचं सांगितलं. परवाना नूतनीकरणाला आला आहे, विकायचा विचार आहे, तुम्हाला हवी असेल तर पहिला हक्क तुमचा. ती म्हणाली, "मला कशाला? मी कवळ्या विकते, दात पाडत नाही." मग चहा ठेवायला उठली, आणि ती आत गेल्यावर चष्मेवाल्यांचं लक्ष कपाटाच्या कडेला गेलं. तिथे मोजणीदारांच्या वस्तू मांडल्या होत्या, घड्याळ, मोजणीची जुनी साखळी, आणि काळ्या जाड फ्रेमचा चष्मा.

ते उठले कधी आणि चष्मा हातात घेतला कधी हे त्यांना कळलं नाही. हात आपोआप लांब झाला. खिडकीला उभे गज होते. यंत्र येण्याच्या आधी त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं. काच डोळ्यापासून लांब धरायची, पलीकडच्या उभ्या रेघेवर नजर ठेवायची आणि काच हळूच डावी-उजवीकडे हलवायची. काचेतून दिसणारी रेघ काचेबरोबर सरकते. नंबर जितका मोठा तितकी जास्त. त्यांनी डावी काच हलवली. गज थोडासा सरकला. उजवी हलवली. गज चांगला हातभर निसटल्यासारखा झाला. पुन्हा केलं. फ्रेम चुकून उलटी तर धरली नाही ना म्हणून काड्या पाहिल्या, नाकाची जागा पाहिली, आणि तिसऱ्यांदा केलं. गज तसाच निसटला. आठ वर्षं जी गोष्ट त्यांना ठाऊक होती ती आत्ता त्यांना कळली. कारागिराने कार्डच पाहिलं होतं. त्याने का पाहू नये? ते चष्मेवाल्यांच्या अक्षरात होतं.

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. चष्मेवाले चष्मा हातात धरून तसेच खिडकीकडे बघत म्हणाले, "ताई, हा चष्मा चुकीचा आहे. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. माझ्या हातून झालं. तुमचे वडील याने आंधळ्यासारखे वावरले असतील, आणि मी बंदूक घेऊन बसलो." एका दमात एवढं बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. मुलीने कप टेबलावर ठेवले, एक कवळी जरा बाजूला सारून जागा केली आणि म्हणाली, "काका, चुकीची कवळी किती दिवसांत परत येते माहितीय? दुसऱ्या दिवशी. कधी कधी तर त्याच संध्याकाळी, आणि बरोबर शिव्या. चुकीचा चष्मा किती दिवसांत येतो?" "आठवड्याच्या आत." "मग बाबांचा का नाही आला?" हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. भला माणूस, असं त्याचं उत्तर देऊन ते दर वेळी पुढे गेले होते. मुलीने कपाटाचा खण उघडला आणि आतून दुसरा चष्मा काढला. तपकिरी, जुना, एका काडीला दोरा गुंडाळलेला. "बाबांचा चष्मा हा. पेपर याने, जेवण याने, रस्ता याने. तो काळा फक्त रविवारचा. आणि तुमच्या दुकानाचा."

मग तिने सांगितलं ते असं. काळा चष्मा आला त्या सकाळी मोजणीदार मागच्या दारात उभे राहिले, डावा डोळा मिटून समोरच्या टाकीकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि हसायलाच लागले. मुलगी म्हणाली, परत देऊन या. ते म्हणाले, अजिबात नाही. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या गोळीने एक जनावर जखमी होऊन झाडीत शिरलं होतं. मित्र जेवायला बसले, हे एकटे रक्ताच्या मागावर दुपारपर्यंत फिरले, आणि सापडलं तेव्हा त्याच्याशेजारी बसून राहिले. दुसरी गोळी घालायला हात उचलला नाही. घरी आल्यावर जेवले नाहीत. एवढंच मुलीला माहीत, कारण पुढचं त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. पाच जणांत तीस वर्षांची दोस्ती, आणि आता मला हे नको असं त्या चौघांपुढे म्हणायची लाज. म्हटलं असतं तर हसून हसून जीव घेतला असता. "दर रविवारी जायचे आणि मुद्दाम चुकवायचे. पण बाबांचा नेम सगळ्यांना माहीत होता हो. किती दिवस चुकवणार? आणि तुम्ही चष्मा दिलात." तिची भुवई वर गेली. "दहा महिने सगळ्यांना सांगत फिरले, काय करू, या चष्म्यातून दिसतच नाही. मग मित्रच म्हणाले, अरे, आता सोड. बाबांना तेच हवं होतं."

"पण दुकानात येताना," चष्मेवाले म्हणाले. "ती पायरी." "कोपऱ्यापर्यंत तपकिरी," ती म्हणाली. "कोपऱ्यावर खिशातून काळा काढायचे. मी दोनदा बरोबर होते. म्हटलं, बाबा, पडाल. तर म्हणाले, त्यांना कळलं तर जीवाला लावून घेतील, भला माणूस आहे." चष्मेवाल्यांनी कप उचलला, चहा कधीच पिऊन झाला होता हे ओठाला लावल्यावर कळलं, तरी तो तसाच धरून बसले. त्यांना हवेत धरलेलं ते पाऊल दिसत होतं, आणि खणात काहीच नसताना शोधत बसलेले आपणही. मोजणीदार आपल्यासाठी आंधळे होत होते आणि आपण ते पाऊल दिसू नये म्हणून खणात तोंड घालत होतो, महिन्यातून एकदा, वर्षानुवर्षं, वीतभर पायरीच्या दोन बाजूंना. आणि गोष्टीत ते जे सांगायचे, त्या डोळ्याचं, त्या पाण्याचं, तेही कुठेतरी घडलंच होतं, फक्त चष्म्याच्या आधी. तिथे त्यांच्या काचेचं काहीच काम नव्हतं. "बंदूक मलाच का दिली?" त्यांनी विचारलं. मुलगी हसली. "विकली तर कोणीतरी चालवणार. मित्रांना दिली तर दर रविवारी चालवणार. म्हणाले, एक माणूस आहे, त्याला ती कुठल्या बाजूने धरायची तेसुद्धा ठाऊक नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण ते त्यांचं झालं. तुम्ही बांधलेले नाही आहात, काका. विकायची तर खुशाल विका." निघताना चष्मेवाल्यांचा हात पुन्हा काळ्या चष्म्याकडे गेला. "काचा बदलून देतो," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम आहे." "तसाच राहू द्या," ती म्हणाली, आणि चष्मा त्यांच्या हातातून घेऊन घड्याळाशेजारी ठेवला.

शुक्रवारी तिसऱ्या खिडकीपुढे फारशी रांग नव्हती. सकाळी बायकोने विचारलं होतं, पाहुणीबाईंचं काय ठरलं, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, कार्डासकट. ती म्हणाली, "म्हणजे न्हाव्यालाही सांगायला हवं." आणि थोड्या वेळाने, पलंगाखालच्या रजया ओढून झटकता झटकता, "यांना आता वरच्या माळ्यावर टाकते. उगीच वाट बघत पडल्यात." वाटेत चष्मेवाल्यांनी बंदूकवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं होतं, तो हळहळला आणि गळ हवा असेल तर सांगा म्हणाला. आता ते खिडकीपुढे उभे राहिले आणि कारकुनाने त्यांना ओळखलं. "आलात काका? काय ठरलं? लिहिलंत का?" चष्मा आणखीच उतरला होता. "आधी तो चष्मा द्या इकडे," चष्मेवाले म्हणाले. "मंगळवारपासून माझ्या डोळ्यात खुपतोय." कारकून गोंधळला, पण दिला. त्यांनी पेचकस काढला, स्क्रू आवळला, काडी अंगठ्याने जराशी वाकवली, काचा रुमालाने पुसल्या आणि पुसता पुसता सवयीने उजवी कुठली, डावी कुठली ते पाहून घेतलं. मग तो परत देऊन फॉर्म पुढे सरकवला. अकराव्या रकान्यात त्यांनी घरूनच लिहून आणलं होतं, ठळक, सावकाश अक्षरात: 'कोणी चालवू नये म्हणून.'

कारकुनाने चष्मा लावला, एकदा मान डावी-उजवीकडे करून पाहिली, शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि फॉर्मवर आणला. तिथे त्याचा हात थांबला. तो वाचत होता. ओठ किंचित हलले. त्याने वर पाहिलं, चष्मेवाल्यांकडे, मग पुन्हा खाली. "असं कारण यादीत नाही, काका," तो म्हणाला, पण विचारल्यासारखं. चष्मेवाले म्हणाले, "माझ्याकडे हेच आहे." मागचा माणूस पुढे सरकून डोकावू लागला. कारकुनाने ते चार शब्द आणखी एकदा वाचले, शिक्का उचलला, आणि अक्षरांवर पडू नये म्हणून बोटभर खाली सरकवून मारला.